पहिल्या फेरीला आईला नेलं नाही

आमचं गाव दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर, धोपाव्याच्या वरच्या अंगाला. तीस वर्षं पुण्यात काढून मी परत आलो आणि गेल्या महिन्यात होडी घेतली. चौदा फुटांची, फायबरची, सेकंडहँड. मागे पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. माघातल्या एकादशीला सकाळी नऊला ती मी पहिल्यांदा स्वतः पाण्यात घेतली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, नारळ आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा घेऊन धक्क्यावर आली होती. तिचं माहेर पलीकडच्या तीरावर, बरंच वर. लग्न होऊन ती या घरी आली तीही होडीतूनच. आपल्या घरची होडी प्रथम तिकडे जाणार, हे तिने मनाशी धरलं होतं. मी म्हटलं, “आई, आज नको.” तिने नारळ पाण्यात सोडला आणि पायरीवर बसली. होडीत मी आणि ताई, दोघंच चढलो.

पावणेदोन तासांनी आम्ही परतलो ते गुडघाभर चिखलातून होडी ओढत. ताईच्या पायाला कालवाची शिंप कापली होती. आई त्याच पायरीवर होती.

त्या रात्री पडवीत ताई आणि मी खूप वेळ बोललो. आई माजघरात वाती वळत होती. बोलणं झालं तसंच लिहितो आहे, कारण त्यातलं काही अजून माझ्या मनातून सुटलेलं नाही.

“न्यायचं नव्हतं तर आदल्या दिवशी सांगायचंस,” ताईने सुरुवात केली. “डबा भरून माणूस धक्क्यावर उभं राहिल्यावर नाही म्हणायचं?”

“आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. पण नेलं नाही ते बरोबर केलं, हे मी आताही म्हणतो. ताई, ही होडी मी त्याआधी एकदाही चालवली नव्हती. वळताना ती किती कलते, थांबायला किती अंतर घेते, मशीन तापल्यावर कसं वागतं, मला काय ठाऊक? एक्याऐंशी वर्षांच्या बाईला पुढच्या फळीवर बसवून मी ते शिकायचं?”

“मला घेऊन शिकलासच ना.”

“तुला पोहता येतं. शिवाय जरूर पडली तर तू होडीत उठून सरकू शकतेस. आई गुडघ्यांमुळे एकदा बसली की बसली. चौदा फुटांच्या होडीत माणूस म्हणजे वजन असतं. ते योग्य जागी हललं नाही किंवा अवेळी हललं, तर होडी कलंडते. आणि जॅकेट घातलेलं माणूस पाण्यात पडलं तर तरंगेल खरं, पण त्याला कठड्यावरून परत आत ओढायचं कुणी? ओलं माणूस फार जड होतं. मी एकट्याने आईला वर घेऊ शकलो नसतो.”

ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, “मी पाच वर्षं तरीतून पलीकडे शाळेला गेले. तेव्हा मोटारी नेणारी फेरीबोट नव्हती. ती आली २००३ साली. बाळंतिणी, आंब्याच्या पेट्या, वऱ्हाडं, आजारी माणसं, सगळं तरीतूनच जायचं. जॅकेट हा शब्दसुद्धा आम्हाला माहीत नव्हता. कुणाला ‘आज नको’ म्हणून पायरीवर बसवलेलं मी तरी पाहिलं नाही.”

“जे पोचले त्यांच्याच गोष्टी आपण ऐकल्या, ताई. आणि तरीवाला काही पहिल्याच दिवशी तरीवाला झाला नव्हता. बापाच्या होडीत वर्षानुवर्षं पाणी उपसत बसला असेल, तेव्हा कुठे वल्हं हाती आलं.”

“बरोबर. पण कुठे शिकला? माणसांनी भरलेल्या होडीत. बाप बाजूला, लोक समोर, कुणी सांगतंय पाणी वळलं, कुणी सांगतंय पुढे पुळण आली. तुझ्याकडे काय होतं? कागद.”

कागद होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. होडी घेतल्यावर आठ रात्री बसून मी तो तयार केला होता, अकरा कलमांचा. पहिलं कलम बूच. होडीच्या मागच्या पट्टीत, अगदी तळाशी एक भोक असतं. होडी जमिनीवर असताना साचलेलं पाणी त्यातून जाऊ देतात आणि पाण्यात उतरवण्याआधी बूच घट्ट बसवतात. नव्या मालकाकडून हेच हमखास राहून जातं: होडी पाण्यात जाते, लोक चढतात, आणि पाणी घोट्याला लागल्यावर कुणाला तरी आठवण होते. दुसरं, पेट्रोलमध्ये तेल पन्नासाला एक या प्रमाणात मिसळलेलं असावं. तिसरं, पेट्रोलचे तीन वाटे धरावेत: एक जायला, एक यायला, एक न मोजलेल्या अडचणींसाठी. मग लाल दोरी. तिचं एक टोक मशीनच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते आणि मशीन बंद पडतं. दोरी नसेल तर मोकळी होडी चालू पंख्यासकट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. मशीन सुरू झाल्याबरोबर त्याच्या मागून पाण्याची बारीक धार पडते का, हेही बघायचं. ती धार म्हणजे थंड करणारं पाणी आत फिरत असल्याची खूण. धार नसेल तर लगेच बंद करायचं.

“अकरा कलमांत आई कितव्या नंबरला होती?” ताईने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. कागदावर माणसं होती ती वजन म्हणून.

“मला आठवतंय,” ती म्हणाली. “तू मोठ्याने वाचत होतास. सहावं झालं, तेवढ्यात आईने होडीत पाय टाकायला पदर खोचला. तू कागद खाली केलास आणि तिला थांबवलंस. तिने दोनदा विचारलं, तू दोनदा नाही म्हणालास. मग नारळ. मग तू पुन्हा कागद धरलास आणि आठव्यापासून वाचलंस.”

सातवं कलम टाकीच्या झाकणावरच्या स्क्रूचं होतं. टाकी ने-आण करताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो स्क्रू आवळून ठेवतात. होडी निघण्यापूर्वी सैल करायचा. तो बंद राहिला तरी मशीन सुरू होतं, चांगलं चालतं, आणि म्हणूनच फसवतं. पेट्रोल जितकं ओढलं जाईल तितकी हवा टाकीत आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते, नळीवरचा रबरी गोळा चपटा पडतो, आणि दहापंधरा मिनिटांनी मशीन उपाशी पडून थांबतं. आमचं थांबलं तेव्हा आम्ही खाडीच्या मध्यावर होतो.

“म्हणजे चूक धक्क्यावरच्या गडबडीतून झाली,” मी म्हणालो. “मी जे म्हणतो तेच यातून दिसतं. पहिल्या दिवशी भोवती माणसं नकोत.”

“यातून असं दिसतं की तुझं मन आईकडे होतं आणि हात स्क्रूकडे गेला नाही. तिला होडीत बसवून तू शांतपणे वाचलं असतंस, तर सातवं कलम सुटलं नसतं.”

यावर आमचं काही जमलं नाही, आणि अजूनही जमलेलं नाही.

मशीन थांबल्यावर काय झालं ते सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आम्हा दोघांपैकी एकाचंच चाललं असतं तर निभाव लागला नसता. मी मशीन सुरू करायची दोरी ओढत राहिलो. पंधरा वेळा तरी. पेट्रोल मिळत नसताना दोरी ओढून काही होत नाही, पण घाबरलेल्या माणसाचा हात थांबत नाही. तोवर होडी खाली वाहत होती. खाली म्हणजे पश्चिमेला, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेकडे. त्याच्याही पुढे वेलदूर, मग अंजनवेलचा गोपाळगड, आणि मग खाडीचं तोंड. उतरतं पाणी तोंडावर बाहेरून येणाऱ्या लाटांना भिडलं की तिथे उभ्या, आखूड लाटा उठतात. बंद मशीनची लहान होडी तिथे जाता कामा नये.

मी नांगर टाकला. नांगर धरेना.

“तेव्हा तू म्हणालास, ‘दोर दहा मीटरचाच आहे.’ मला काही कळलं नाही,” ताई म्हणाली.

“नांगर स्वतःच्या वजनाने होडी धरत नाही. दोर आडवा पडला तर त्याचे दात तळात रुततात. दोर उभा राहिला तर उचकटतात. म्हणून पाण्याची जेवढी खोली, त्याच्या पाचपट तरी दोर लागतो. मध्यावर तीन-चार वाव पाणी असेल. दहा मीटर दोर तिथे कशालाच पुरणार नव्हता. पुस्तकात मी हे वाचलं होतं, दोर मात्र होडीबरोबर आला तोच ठेवला.”

“मला हे पाचपट वगैरे माहीत नव्हतं. मला फेरीबोट धक्का सोडताना दिसली आणि एवढंच सुचलं की तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. आपला तरीवाला ओढ लागली की मध्यावर झगडायचा नाही. तिरकी घालून कडेला घ्यायचा. कडेला पाणी मंद असतं.”

तिने वल्हं घेतलं. ती त्रेसष्ट वर्षांची आहे. बारीक, सारख्या हातांनी, प्रवाहाशी न भांडता, तिने होडी तिरकी काढत नेली. पाणी एका वावाच्या आसपास आल्यावर मी पुन्हा नांगर टाकला आणि तो धरला. एक वाव म्हणजे सहा फूट. त्याच्या पाचपट तीस फूट. माझा दोर तेहतीस. हा हिशेब मला नंतर सुचला. तिला हिशेब न करताच माहीत होतं, आणि मला हिशेब माहीत असून उपयोग झाला नव्हता.

फेरीबोट आमच्या बाहेरून गेली. तिच्या लाटा आल्या त्या नाळेवर, कारण नांगर पुढे बांधलेला होता आणि होडीने आपोआप पाण्याकडे तोंड केलं होतं. आडव्या आल्या असत्या तर पाणी आत आलं असतं. लाटा गेल्यावर मी खाली बसलो आणि तेव्हा तो चपटा गोळा दिसला. स्क्रू सोडला. टाकीने हवा ओढली तो आवाज ताईनेही ऐकला. गोळा दाबला, दोन दोऱ्यांत मशीन लागलं.

“आता तूच सांग,” मी म्हणालो, “त्या वेळी पुढच्या फळीवर आई असती तर?”

“तर तिने तुला नऊ वाजता निघूच दिलं नसतं.”

मी तिच्याकडे बघत राहिलो.

“तू भरती कितीची धरली होतीस?”

“सव्वाआठची. फोनवर बघितली होती. पाणी भरलेलं असताना निघावं, म्हणजे धक्क्याला खोली मिळते, असा विचार केला. वाराही सकाळी पडलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा उठला की खाडीतसुद्धा पाणी खडबडीत होतं.”

“वाऱ्याचं बरोबर. पाण्याचं उलटं. भरल्या पाण्यावर निघालास म्हणजे पुढचे सहा तास पाणी उतरतच जाणार. मशीन बंद पडलं तर होडी समुद्राकडे जाणार. पुळणीवर अडकलास तर पाणी तुला सोडून जाणार, तू तिथेच. परतलास तर धक्क्यापुढे चिखल. तिन्हीतलं काय झालं नाही? पुळणीवर तेवढे बसलो नाही. हेच चढत्या पाण्यावर निघाला असतास तर बंद होडी वर, आतल्या अंगाला गेली असती. अडकली असती तरी तासाभरात पाण्याने उचलली असती.”

ताईला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण आकडा माझ्याजवळ होता. सव्वाआठ. मिनिटापर्यंत बरोबर. त्या आकड्यानंतर पाणी कुणीकडे जाणार, हे मी विचारलं नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यातलं एक माणूस माझ्यासमोर पदर खोचून उभं होतं.

तरीही मी हार मानली नाही. ते नोंदवायला हवं, कारण माझं म्हणणं हट्टाचं नव्हतं. मी म्हणालो, “ताई, आईची खाडी आणि आजची खाडी एक नाही. तिच्या लहानपणी कोयनेचं पाणी इकडे येत नव्हतं. आता पोफळीच्या वीजघरातून सुटलेलं अवजल वाशिष्ठीत येतं, उन्हाळ्यातही नदी वाहती असते. वाळूउपशाने तळ खणला गेला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा किती गाळ खाली आला. जिथे तिला पुळण आठवते तिथे आज खोल असेल, आणि खोल आठवते तिथे पुळण. आठवणीवर होडी कशी चालवायची?”

“हे खरं आहे,” ती म्हणाली. तिने हे इतक्या सरळपणे मान्य केलं की मीच अडखळलो. “पुळणी सरकतात. आईला त्या आज कुठे आहेत ते ठाऊक नसेल. पण पाण्याचा रंग कुठे फिका होतो आणि वर सुरकुती कशी पडते, हे बघून ती तुला सांगेल. तिला जागा पाठ नाहीत, बघायचं कसं ते पाठ आहे. कागदावर ते कसं लिहिशील?”

मग तिने विचारलं, “हे मशीन काढलं कुणी पहिल्यांदा?”

मला गोष्ट माहीत होती. ओले एविनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला कारागीर. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर तो मैत्रिणीबरोबर सहलीला गेला होता. उन्हाळ्याचा दिवस, तिला आइस्क्रीम हवं होतं. तो वल्ही मारत पलीकडच्या काठावर जाऊन घेऊन आला, पण येईपर्यंत ते वितळलं. होडीच्या मागे टांगायचं मशीन करायचं त्याच्या मनात तेव्हा आलं, असं सांगतात. त्याच्याआधीही एकदोघांनी असली मशिनं केली होती, पण १९०९ मध्ये त्याने बाजारात आणलेलं लोकांनी उचललं. त्या मैत्रिणीशीच त्याचं पुढे लग्न झालं आणि धंद्याची बाजू तिनेच सांभाळली.

“म्हणजे बघ,” ताई म्हणाली, “मशीन निघालं तेच मुळी कुणाला तरी काही नेऊन द्यायच्या ओढीतून. होडीला कुणी एकट्यासाठी मशीन लावत नाही.”

“त्यानेही ते आधी रिकाम्या होडीला लावून पाहिलंच असेल, ताई.”

“पाहिलं असेल. पण कुणासाठी पाहतोय ते त्याला माहीत होतं.”

मला हे उत्तर लागलं. मी होडी का घेतली, याचं खरं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही. लहानपणी आजोळी जायचं ते होडीतूनच. दोन्ही तीर सरकताना बघत, आईच्या मांडीला टेकून. रस्ते झाले, पूल झाले, आता तेच माहेर मोटारीने मोठा वळसा घालून येतं, आणि आई हल्ली मोटारीत बसली की तिला मळमळतं. तीन वर्षं ती तिकडे गेलेली नाही. होडी घेताना मी हेच डोळ्यांपुढे धरलं होतं. आणि पहिल्या सकाळी तिला नाही म्हणताना मी हे तिला बोललोसुद्धा नाही. “आज नको” एवढंच म्हणालो. “आज मी शिकतो, मग तुला नेतो” असं म्हणालो असतो तर ती हसून पायरीवर बसली असती. हे मला ताईने सांगायला लागलं नाही.

धक्क्याला परत येतानाचीही एक गोष्ट ताईने काढली. मी होडी पाण्याबरोबर सरळ आत घातली होती, वेगात. होडीला ब्रेक नसतो. मशीन न्यूट्रलला टाकलं की ती वळतही नाही, कारण तिचं वळणं पंख्याच्या जोरावरच. मी उलटा गिअर टाकेपर्यंत आम्ही धक्क्याच्या पुढे वाहून चिखलात घुसलो होतो. तरीवाले नेहमी थोडं खाली जाऊन, वळून, पाण्याच्या तोंडावर होडी लावायचे. ओढच मग होडीला थांबवते. हे मी कागदावर आता लिहिलं आहे. लांब दोरही आणायचा आहे, वीस मीटर तरी.

“उद्या द्वादशी,” मी ताईला म्हणालो. “उद्या सकाळी पुन्हा एकदा आपण दोघंच जाऊ. रिकामी. हे मी सोडणार नाही. वळवून बघतो, थांबवून बघतो, धक्क्याला चार वेळा लावतो.”

“जाऊ. मला मान्य आहे.” ती जखमेवरची पट्टी बघत म्हणाली. “पण आईला आज सांग.”

माजघरातून आवाज आला. वाती वळायचं थांबलं नव्हतं.

“परवा त्रयोदशी. तेराचे पाऊणपट पावणेदहा. भरती पावणेदहाला भरेल. सातला सुटलं तर पाणी चढतं मिळेल, पोचेपर्यंत मशीनला काम नाही. भेटून, चहा घेऊन सुकतीवर परत. बारानंतर वारा उठतो, त्याच्या आत घरी.”

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी फोनमध्ये परवाची भरती बघितली. नऊ वाजून अडतीस मिनिटं. पाऊणपट ही तिथीवरून भरती काढायची जुनी रीत. आजोबा पंचांग न उघडता बोटांवर करायचे, हे मला तेव्हा आठवलं.

“आई, जॅकेट घालावं लागेल,” मी आत बघून म्हणालो.

“घालीन.”

“आणि मी सांगेन तिथेच बसायचं. मध्ये, खाली. पुढच्या फळीवर नाही.”

जरा वेळ गेला. “बसेन,” ती म्हणाली. “मला पुढचं दिसलं पाहिजे एवढं बघ.”

मी खुंटीवरचं नारिंगी जॅकेट काढलं आणि माजघरात गेलो. पट्टे तिच्या मापाला आखडायला हवे होते.